कच्ची वही

परवा पुतणीची मुलगी विचारत होती, "आजोबा, तुम्ही आधी कच्चं लिहिता का हो? आमच्या मॅडम म्हणतात, आधी कच्चं लिहा." मी म्हटलं, "हो, लिहितो ना." "मग ते कच्चं कुठाय? दाखवा ना." आता काय दाखवणार? कच्चं म्हणून काही मी आयुष्यात ठेवलंच नाही. पक्कं झालं की कच्चं रद्दीत, हीच सवय. त्या प्रश्नावरून बऱ्याच जुन्या गोष्टी डोक्यात फिरायला लागल्या आणि त्यातली एक अशी निघाली की ती लिहून टाकल्याशिवाय सुटका नाही. घरातल्या मंडळींनी जरा शांतपणे वाचावं, ही विनंती.

आमचं शाळेतलं लेखन म्हणजे निबंध. अकोल्याला शाळेत होतो तेव्हाची पद्धत ठरलेली. गाईडमधले चार निबंध पाठ करायचे, एक सुविचार सुरुवातीला, एक शेवटी. 'पावसाळ्यातील एक दिवस' पाठ असला की 'मी पाहिलेला पूर' त्यातूनच निघतो, फक्त मधला परिच्छेद बदलायचा. गंमत म्हणजे त्या निबंधांतल्या पावसात कोकणातली कौलं असायची, माड असायचे. अकोल्यात मे महिन्यात पंचेचाळीसच्या आसपास पारा जातो, पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल चपलेला असा बसतो की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. पण हे निबंधात लिहायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. लिहायचं म्हणजे पुस्तकातलं लिहायचं. घरी "काहून रे, कुठी गेलता?" आणि वहीत "बाळा, तू कोठे गेला होतास?" या दोन्हींच्या मध्ये एक रूळ ओलांडायचा असतो, एवढंच कळत होतं.

कॉलेजात गेल्यावर कच्ची वही आली. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्यानं शिवलेली. त्यात मी काहीही लिहायचो. पुढे १९८९ मध्ये एम.ए.ला अमरावतीला आलो. विद्यापीठ १९८३ साली सुरू झालेलं, म्हणजे आमच्या डोळ्यांसमोर मोठं होत होतं. मराठी घेतलं होतं, आणि अमरावतीत मराठी घेतलेल्या मुलाला दोन गोष्टी आपोआप मिळतात. एक म्हणजे सुरेश भट याच गावचे, आणि ते बी.ए.ला दोनदा नापास होऊन १९५५ साली पास झाले, हा दिलासा. (आमच्यातले काही जण नापास होण्यापुरतेच भटांच्या वाटेनं गेले. असो.) आणि दुसरी म्हणजे रिद्धपूर.

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात. एसटीनं गेलो होतो, चार मित्र. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी म्हणा. राजमठ पाहिला, वाजेश्वरीचं स्थान पाहिलं. ज्याला मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ म्हणतात तो 'लीळाचरित्र' इथं लिहिला गेला, हे परीक्षेसाठी पाठ होतं. लेखक म्हाइंभट, काळ १२७८च्या सुमाराचा, भाग तीन: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. पाच मार्कांची टीप. तेव्हा मला त्यातलं खरं काय ते कळलंच नाही. ते कळलं पुष्कळ वर्षांनी, शं. गो. तुळपुळ्यांनी संपादित केलेले भाग परत वाचायला घेतले तेव्हा, आणि नंतर कोलत्यांची १९७८ची प्रत पाहिली तेव्हा.

म्हाइंभट लिहायचे कसे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते मराठीत लेखनाच्या पद्धतीचा तो पहिला धडा आहे.

चक्रधरस्वामी गेले. मागे उरलेली शिष्यमंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. त्यांचे पुढारी नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास. ते एकांतात बसून स्वामींच्या एकेक आठवणी मनात फिरवत असत. म्हाइंभट मोठे विद्वान, शास्त्र शिकलेले. त्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, मला सांगा, मी लिहून घेतो. आणि भटोबास सांगत गेले, म्हाइंभट लिहीत गेले. पण सगळंच काही भटोबासांसमोर घडलेलं नव्हतं. काही प्रसंग इतरांच्या देखत घडले, काही त्यांच्या भेटीच्या आधीचे. मग म्हाइंभट त्या त्या माणसाकडे गेले. ज्याच्या समोर घडलं त्याच्याच तोंडून ऐकायचं. बाई असो, बुवा असो, पंडित असो की अडाणी. गोळा केलेलं परत भटोबासांपुढे ठेवायचं, तपासून घ्यायचं.

आता याची माझ्या एम.ए.च्या ट्युटोरियलशी तुलना करा. आम्ही संदर्भग्रंथातून उतरवायचो, त्या ग्रंथानं दुसऱ्यातून उतरवलेलं असायचं. ज्यानं पाहिलं त्याच्याकडे जाऊन विचारावं, हे तेराव्या शतकात वऱ्हाडात एका माणसाला सुचलं होतं आणि विसाव्या शतकातल्या आम्हा पोरांना सुचत नव्हतं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लीळाचरित्र वाचताना मध्ये मध्ये एक शब्द येतो: 'शोधु'. एखादा प्रसंग एकानं असा सांगितला, दुसऱ्यानं जरा वेगळा सांगितला, तर दुसरी हकीकतही तिथंच नोंदलेली असते. अमक्याच्या मते असं. परशरामबासांचं म्हणणं असं, रामेश्वरबासांचं तसं. म्हणजे या परंपरेनं दोन आठवणींतली एक फेकून दिली नाही. स्वतःच्या देवाचं चरित्र, ज्याच्या शब्दाशब्दावर श्रद्धा, त्यात सुद्धा "हे असंही सांगतात" असं लिहून ठेवायला किती धीर लागत असेल! माझ्यासारखा असता तर त्यानं दोन्हींतली चांगली दिसणारी निवडली असती आणि बाकीची खोडली असती. हे मी उगाच म्हणत नाही, पुढे येतंच आहे.

त्या ग्रंथाचं पुढे काय झालं तेही ऐका. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, देवगिरीवर दिल्लीच्या स्वाऱ्या चालू असतानाच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली, असं परंपरा सांगते. संपलं! म्हाइंभटांचं हस्ताक्षर गेलं. मग ज्यांना ज्यांना तो तोंडपाठ होता त्यांनी आपापल्या आठवणीतून तो परत लिहिला. त्यात हिराइसा नावाच्या बाईंचा पाठ प्रसिद्ध आहे. आज आपण जे वाचतो ते असं परत आठवून लिहिलेलं आहे, म्हणून पाठांतरं इतकी. पुढे पंथानं आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत घातल्या, आणि बाहेरच्यांना ते शेकडो वर्षं वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भावे, राजवाडे यांनी त्या लिप्या उलगडल्या, यवतमाळच्या य. खु. देशपांड्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ साली आलं, नागपूरच्या ह. ना. नेन्यांनी लीळाचरित्र छापायला घेतलं ते १९३०च्या दशकात. सातशे वर्षांपूर्वीचं बोलणं आपल्यापर्यंत आलं ते असं, अडखळत.

त्याच मंडळींत केसोबास होते. संस्कृताचे पंडित. त्यांनी लीळाचरित्रात विखुरलेली स्वामींची वचनं वेचून 'सूत्रपाठ' केला. म्हणजे प्रसंग बाजूला, वचन तेवढं हातात. अभ्यासाला फार सोयीचं. परीक्षार्थी म्हणून मला केसोबास जवळचे. मुद्दे काढून देणारा माणूस कोणाला नको असतो? पण एखादं वाक्य कोणाला उद्देशून, कुठं, कशावरून निघालं हे माहीत असलं की त्याचा अर्थ कधीकधी पार वेगळा लागतो. 'स्मृतिस्थळा'त याच केसोबासांची गोष्ट आहे. त्यांनी संस्कृतात रचना करायला घेतली, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबवलं. कारण काय दिलं? तर आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या बाया याला मुकतील. बस, एवढंच कारण. त्या म्हाताऱ्यांना जे कळणार नाही ते नको.

हे वाक्य मी एम.ए.ला असताना घोकलं होतं, 'मराठीचा अभिमान' या मथळ्याखाली. आता वाटतं, तो मथळा चुकीचा होता. भटोबासांना भाषेचा अभिमान वगैरे असेल-नसेल, त्यांच्या डोळ्यांपुढे समोर बसलेल्या म्हाताऱ्या होत्या.

आणि मला माझी म्हातारी आठवते.

आजीचं माहेर अंजनगावकडचं, सासर मूर्तिजापूर तालुक्यातलं. लग्न १९३८-३९च्या सुमाराचं. मूर्तिजापूर-अचलपूर शकुंतला तेव्हा ऐन भरात. किलिक निक्सन कंपनीची नॅरोगेज, मुळात कापूस मोठ्या लाईनीवर आणून मुंबईला पाठवायला बांधलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय. आता ती धावत नाही. आजीची वरात त्या गाडीनं परत आली. आणि आमच्या घरात सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट म्हणजे त्या गाडीत आजीची एकदाणी हरवली. सासरकडून घातलेली सोन्याच्या मण्यांची एकदाणी, दर्यापूरच्या अलीकडे गाडी थांबली, मंडळी पाणी प्यायला उतरली, गाडी हलली, पळापळ झाली आणि गाठोडं राहिलं ते राहिलं. आजोबा म्हणे धावत्या गाडीतून उडी मारून मागे गेले आणि चालत पुढच्या स्टेशनावर गाडी गाठली, इतकी ती हळू! या वाक्यावर दरवेळी हशा.

१९८७ साली मी कॉलेजच्या वार्षिकांकासाठी आजीवर लेख लिहायचं ठरवलं. सुट्टीत गावी गेलो, कच्ची वही घेऊन. दुपारी आजी तुरी निवडत बसायची, मी लिहून घ्यायचो. ती बोलायची तसं, तिच्याच शब्दांत, भराभर. म्हाइंभट माहीत नव्हते तेव्हा, पण पद्धत तीच होती म्हणायची. चार-पाच दुपारी झाल्या. एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी म्हटलं, "आजी, ते एकदाणीचं सांग ना परत." ती सुपातल्या तुरी फिरवत राहिली. मग म्हणाली,

"हारपली नाई रे बापा. मांगून आनली होती."

लग्नापुरती. सावकाराकडून. कापसाचे भाव मंदीत पडले ते पडलेच होते, पणजोबांवर कर्ज होतं, आणि सुनेच्या गळ्यात सोनं नाही घातलं तर सोयऱ्यांत नाक राहत नव्हतं. लग्न होऊन आठ दिवसांत सावकाराचा माणूस दारात. सासूनं स्वतः काढून घेतली गळ्यातून. आणि पहिल्या माहेरपणाला जायची वेळ आली तेव्हा आजीपुढे प्रश्न, आईला काय सांगायचं? चौदा वर्षांची पोर. तिनं वाटेतच ठरवलं: गाडीत हरवली.

"मंग तुह्या आज्यानं उडी गिडी काई मारली नाई?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"तो काहून मारन उडी? तो तं झोपला होता." आणि हसली.

म्हणजे जी गोष्ट आम्ही पन्नास वर्षं हसत ऐकत होतो ती एका चौदा वर्षांच्या मुलीनं सासरची अब्रू झाकायला रचलेली होती. आणि ती इतकी पक्की झाली की सासरच्यांनी पण तीच उचलली, आजोबांनी तर उडी आपल्या नावावर जमा करून घेतली!

हे सगळं मी कच्च्या वहीत लिहिलं. शब्द न् शब्द. आणि अकोल्याला परत येऊन पक्कं लिहायला बसलो तेव्हा गाडीत हरवलेली एकदाणी लिहिली.

का? तेव्हाची कारणं सांगतो, खोटं कशाला बोलू. एक, ती गोष्ट छान होती. धूर सोडत जाणारी गाडी, धावणारा नवरदेव, हरवलेलं सोनं. वार्षिकांकात शोभणारी. दोन, काका चिडतील. पणजोबांनी सुनेला उसनं सोनं घातलं हे छापून यायचं? तीन, आणि हे मला आज जास्त लागतं: ती जे बोलली ते लेखात बसवायचं तर तिची भाषा ठेवावी लागली असती. "मांगून आनली होती" याचं "मागून आणली होती" केलं की ते वाक्य मेलं, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि वऱ्हाडी फक्त विनोदी एकांकिकेत लिहायची, असा आमचा समज. म्हणून आजी माझ्या लेखात "अरे बाळा, त्या काळी..." असं बोलली. पुण्याच्या आजीसारखी. शेवटी एक सुविचार पण होता.

लेख आला, बक्षीस मिळालं, सरांनी वर्गात वाचून दाखवला. दिवाळीत अंक घेऊन गावी गेलो. आजीला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. काका खूश. आजोबांच्या उडीला टाळ्या. आजीनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"चांगलं लेहलं बापा. हे कोनाच्या आजीची गोठ व्हय?"

सगळे हसले. मी पण हसलो. तिला कळलं नाही असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र कान गरम झाल्याचं अजून आठवतं.

ती १९९६ साली गेली. कच्ची वही त्याच्या आधीच गेली होती, खोली बदलताना रद्दीवाल्याला किलोनं दिली. आज माझ्याकडे तो छापील लेख आहे, आणि घरात तोच खरा धरला जातो. मागे एका लग्नात धाकट्या पिढीतल्या कोणीतरी आजोबांच्या उडीचा किस्सा सांगितला आणि वर म्हणाला, "छापून आलंय ते!" म्हणजे तिनं रचलेलं मी पक्कं केलं. आणि तिनं मला विश्वासानं सांगितलेलं मीच बुडवलं. चक्रधरांची प्रत निदान धामधुमीत हरवली. माझ्या प्रतीवर कोणी चालून आलं नव्हतं.

आमच्या अमरावती जिल्ह्यात माधानला गुलाबराव महाराज होऊन गेले, १८८१ ते १९१५. वर्षाचे होण्याआधी डोळे गेलेले. लोकांकडून वाचून घ्यायचे आणि सांगून लिहून घ्यायचे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून जास्त ग्रंथ. मला नेहमी त्यांच्या लेखनिकांचं कौतुक वाटतं. सांगणाऱ्याला आपण काय लिहिलं ते डोळ्यांनी तपासता येत नाही. सगळी भिस्त लिहिणाऱ्याच्या इमानावर. माझ्या आजीची पण तशीच होती.

गेल्या वर्षी रिद्धपूरला परत जाऊन आलो. तिथं आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, २०२४ मध्ये पहिले कुलगुरू नेमले गेले. वाजेश्वरीला थोडा वेळ बसलो. एक वयस्क महानुभाव बाई स्मरण करत होत्या, ओठ हलत होते, आवाज नाही. मी उठलो आणि बाहेर येऊन दर्यापूरला आत्याला फोन लावला. म्हटलं, "आत्या, एक विचारू का? आजीची एकदाणी..."

ती गप्पच झाली. मग म्हणाली, "तुले बी सांगतलं होतं का मायनं?"

म्हणजे तिलाही सांगितलं होतं! आत्याच्या लग्नाच्या आदल्या रात्री. पण आत्याची हकीकत थोडी वेगळी आहे. ती म्हणते, एकदाणी सासूनं काढून घेतली नाही, आजीनं स्वतः काढून दिली. सावकाराचा माणूस ओट्यावर बसलेला, पणजोबा खाली मान घालून, कोणाच्या तोंडून शब्द निघेना; तेव्हा आजी आतून आली आणि परातीत ठेवून गेली. मी ऐकलं तेव्हा सासूनं काढली होती, हे मला पक्कं आठवतं. आत्यालाही तिचं पक्कं आठवतं. दोन्ही लिहून ठेवतोय. आणि तिसरी, गाडीतली, तीही राहू दे, कारण ती पण आजीनंच सांगितलेली आहे.

आत्या अजून एक म्हणाली. सावकाराच्या माणसानं मणी मोजले तर एक कमी भरला. त्यावरून बोलाचाली झाली, पणजोबांनी त्या मण्याचे पैसे हंगामात चुकते केले. मणी काही सापडला नाही. "मायले इचारलं मी, तूनं ठेवला होता का? तं म्हने, झोप आता, उद्या लगन हाय तुहं."

मोठ्या काकांकडचं कोणी वाचत असेल तर कळवा. काकूंना आजी बरंच काही सांगायची. जसं सांगितलं असेल तसंच, त्याच शब्दांत लिहून पाठवा, शुद्ध करू नका. वही नवी आणली आहे.